एमसी कार्ट्रिज: कमी वेढ्यांसाठी जास्त पैसे

माळ्यावरच्या जुन्या एलपी खाली काढून नवीन टर्नटेबल घेणारे हल्ली बरेच दिसतात आणि थोड्या दिवसांनी या मंडळींच्या गप्पा हमखास एकाच मुक्कामाला येतात, की आता एमसी लावायची. म्हणजे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज. कार्ट्रिज हा सुई बसवलेला छोटा भाग, जो सुईच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करतो. का लावायची विचारलं तर उत्तर ठरलेलं: एमसीने सगळं खुलतं, पडदा उठतो, तानपुरा समोर दिसायला लागतो. आवाज कसा दिसतो ते सोडा, पण या वाक्यांत कारण कुठेच नसतं. कारण आहे आणि चांगलं भक्कम आहे, दहावीच्या विज्ञानात बसणारं आहे, फक्त दुकानदार सांगतो ते नाही.

दुकानदार सांगतो की कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, लोहचुंबकापेक्षा हलकी, म्हणून सुई चपळ. हे थोडंसं खरंय. पण साध्या म्हणजे एमएम, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधलं चुंबक हल्ली इतकं बारीक असतं आणि सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला, टेकूच्या अगदी जवळ बसवलेलं असतं, की सुईच्या टोकाला त्याचा भार फारसा जाणवतच नाही. खरी गोष्ट वेढ्यांची आहे.

फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं ते आठवा. कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की तिच्यात व्होल्टेज तयार होतं, बदल जितका वेगाने तितकं व्होल्टेज जास्त, आणि वेढे जितके जास्त तितकंही जास्त. रेकॉर्डच्या खाचेत सुई डावी-उजवी, वर-खाली थरथरते. एमएममध्ये तिच्याबरोबर चुंबक हलतं आणि कॉइल कार्ट्रिजच्या अंगात घट्ट बसलेली असते. एमसीमध्ये उलट, चुंबक स्थिर आणि कॉइल दांडीच्या मागच्या टोकाला. आता स्थिर कॉइलला वजनाची काय चिंता, घाला हवे तेवढे वेढे, आणि तसे घालतातही, एमएममध्ये भरपूर वेढे असतात. हलणाऱ्या कॉइलला मात्र प्रत्येक वेढा अंगावर वागवायचाय, त्यामुळे तिथे केसाहून बारीक तारेचे मोजके वेढे, तेही भिंगाखाली गुंडाळलेले. किंमत वाढते ती मुख्यतः इथे.

वेढे कमी म्हणजे व्होल्टेज कमी. ऑर्टोफॉनची 2एम रेड ही बऱ्याच जणांच्या टर्नटेबलवर असलेली एमएम साधारण 5.5 मिलिव्होल्ट देते. डेनॉनची डीएल-103 ही एमसी, जी जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी 1960च्या दशकात बनली आणि आजही मिळते, ती देते 0.3 मिलिव्होल्ट, म्हणजे अठरावा हिस्सा. मग एवढे पैसे देऊन आवाज अठरा पट बारीक कशाला करून घ्यायचा?

इथे माझा आवडता वर्ग येतो. वर्ग म्हणजे गणितातला.

कॉइलला आणखी एक गुण असतो, इंडक्टन्स. कॉइल तिच्यातून वाहणाऱ्या करंटमधल्या बदलाला विरोध करते, भरलेली हातगाडी पुढे-मागे हलवायची तर सावकाश जमतं पण झटपट हलवायला गेलं की दमछाक होते, तसं. आणि हा इंडक्टन्स वेढ्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो! कारण प्रत्येक वेढा चुंबकीय क्षेत्र तयार करतो, आणि प्रत्येक वेढ्याला बाकीच्या सगळ्यांचं क्षेत्र सोसावं लागतं. वेढे निम्मे केले की व्होल्टेज निम्मं होतं पण इंडक्टन्स चौथाई. वेढे विसाव्या हिश्शावर आणले तर व्होल्टेज विसावा हिस्सा आणि इंडक्टन्स चारशेवा. सौदा हा आहे, बाकी सगळं पॅकिंग.

आता हा इंडक्टन्स नेमका कुठे नडतो ते बघू, इथे जरा आकडे येतील पण धरून राहा. 2एम रेडचा इंडक्टन्स आहे 700 मिलिहेन्री. टोनआर्ममधली (म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यातली) वायर, मागची केबल आणि प्रीअँपचं, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचं, इनपुट मिळून काही कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवून धरण्याचा गुण, असतोच, समजा 150 पिकोफॅरड. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की त्यांची एक ठरावीक वारंवारता तयार होते, दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं, त्याला 2 पायने गुणायचं आणि 1 ला त्याने भागायचं. उत्तर येतं साधारण 15.5 किलोहर्ट्झ. केबल लांब घेतली आणि कपॅसिटन्स 300 झाला तर तेच 11 किलोहर्ट्झवर घसरतं. म्हणजे चक्क ऐकू येणाऱ्या पट्ट्यात. त्या वारंवारतेजवळ आवाजात थोडा उंचवटा येऊ शकतो आणि तिच्यापुढे आवाज घसरणीला लागतो, प्रत्येक सप्तकाला 12 डेसिबलच्या उतारावर. आता एमएम बनवणारे लोक काही खुळे नाहीत. सुईलाही स्वतःचा यांत्रिक अनुनाद असतो, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेला ती जास्तच थरथरते, तो वरच्या पट्टीत आवाज चढवतो, आणि हा विजेचा उतार आणि तो सुईचा चढ एकमेकांना खोडतील असा मेळ ते बसवतात, म्हणून तर 2एम रेडसाठी 150 ते 300 पिकोफॅरड ठेवा असं कंपनीच सांगते. पण तो मेळ तुमच्या घरच्या केबलवर अवलंबून राहतो.

एमसीत कमी वेढ्यांमुळे इंडक्टन्स मायक्रोहेन्रीत असतो. 20 मायक्रोहेन्री आणि 200 पिकोफॅरड धरून वरचंच गणित केलं तर उत्तर येतं अडीच मेगाहर्ट्झ. ते तुम्हाला तर सोडाच, वटवाघळालाही ऐकू जाणार नाही. ऐकू येणाऱ्या पट्ट्यात विजेच्या बाजूने काही गडबडच उरत नाही, आणि तानपुऱ्याच्या जवारीतले वरचे वरचे स्वरांश, झांजेची किणकिण, जी त्याच 10-15 किलोहर्ट्झच्या भागात असते, ती जशी सुईने वाचली तशी पुढे जाते. "पडदा उठतो" म्हणतात तो बहुतेक हाच असावा.

यातून एक मजेशीर निष्कर्ष निघतो, केबलचा कपॅसिटन्स स्वस्त एमएमला बाधतो आणि महाग एमसीला जवळपास बाधत नाही. बाजारात मात्र उलटं चालतं, एमसी घेतली की लगेच काही हजारांची केबल गळ्यात मारायला लोक तयार. त्यावर दिशेचा बाण काढलेला असतो, सिग्नल या बाजूने त्या बाजूलाच जावा म्हणून. अहो, तो सिग्नल सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो, त्याला बाण कुठून कळणार (शील्ड, म्हणजे तारेभोवतीचं धातूचं वेष्टण, एकाच टोकाला जोडलं असेल तर बाणाला थोडाफार अर्थ असतो, पण विकणारा ते सांगत नाही). केबल जमिनीपासून उचलायला लाकडी ठोकळे विकतात, ते आणि ग्रहदोषावरचे खडे मी एकाच कपाटात ठेवेन.

एमसीचा खरा त्रास वेगळा आहे. एमएमला सिग्नल शंभर पट वाढवणारा प्रीअँप पुरतो, एमसीला हजार पट लागतो. त्यात रेकॉर्ड कापताना खर्जाचा भाग मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर फारसं काही मावणार नाही, आणि वाजवताना आरआयएए नावाच्या ठरलेल्या वक्राप्रमाणे तो परत उचलतात. 50 हर्ट्झला ही उचल सुमारे 17 डेसिबल. आपल्या भिंतीतली वीज नेमकी किती हर्ट्झची? बरोबर. म्हणजे घरच्या विजेची गुणगुण हजार नाही, सात हजार पट वाढून स्पीकरमधून येते. तेव्हा प्रीअँप अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा आणि टर्नटेबलची अर्थची वायर नीट जोडा, हे दोन फुकटचे उपाय कुठल्याही केबलच्या वरचढ आहेत.

दुसरा रस्ता स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरचा. 1:10 चा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज दहा पट करतो आणि पुढे तुमचा जुना एमएम प्रीअँपच चालतो. पण इथेही वर्ग आडवा येतोच, प्रीअँपचा 47 किलोओहमचा लोड कार्ट्रिजला दहाच्या वर्गाने म्हणजे शंभराने भागून दिसतो, 470 ओहम. डीएल-103चा स्वतःचा रोध 40 ओहम, तिला हे मस्त जमतं. 1:20 लावला तर भागायचं चारशेने, उरतात जेमतेम 118 ओहम, आणि कार्ट्रिजच्या 40 ओहममध्येच पाव सिग्नल जिरतो.

आता एवढी एमसीची आरती केल्यावर उलटी बाजू. रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे घेते, बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते, लेबलजवळ मात्र 21 सेंटिमीटरच. 10 किलोहर्ट्झची एक लाट तिथे 21 मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. डीएल-103ची सुई गोल आहे, त्रिज्या 16.5 मायक्रॉन, आवाज जरा मोठा झाला की तिला त्या वळणांत नीट शिरताच येत नाही. आणि आपल्या ख्यालाच्या एलपीवर लेबलजवळ काय असतं? विलंबित संपून द्रुत आलेलं असतं, ताना सुटलेल्या असतात. सगळ्यात जास्त घाई नेमकी सगळ्यात कमी जागेत! तिथे शिबाटासारखी धारदार घडणीची सुई असलेली एमएम गोल सुईच्या एमसीला सहज मागे टाकेल. म्हणून माझं मत असं की आधी सुईचा आकार बदला, एमएममध्ये ती चिमटीत धरून ओढली की निघते आणि नवी बसते, कॉइलचा विचार नंतर.

तरी एमसीच घ्यायची असेल तर दोन गोष्टी बघून घ्या. एक, टर्नटेबलची थाळी. एमसीतलं चुंबक तगडं असतं, थाळी लोखंडी असेल तर ते खाली ओढलं जातं आणि अडीच ग्रॅमवर लावलेला सुईचा दाब प्रत्यक्षात भलताच होतो. फ्रिजवरचं साधं चुंबक थाळीला लावून बघा, चिकटलं तर विचार सोडा. दोन, बसवताना सुईवरचं कव्हर शेवटपर्यंत काढू नका आणि स्क्रू व स्क्रूड्रायव्हर पोलादी नकोत, कारण ते चुंबक स्क्रूड्रायव्हर हातातून खेचून घेतं आणि मध्ये येते ती दांडी. मागच्या चार पिना लाल-हिरवी उजव्या बाजूच्या आणि पांढरी-निळी डाव्या, वायरच्या टोकाचे टॅग पिनांवर ढकलताना जोर लागतो आणि हात नेमका तेव्हाच घसरतो. एमएमची सुई मोडली तर नवी आणता येते, एमसीची मोडली तर अख्खी कार्ट्रिज कंपनीकडे पाठवून बदलून घ्यावी लागते किंवा सुई नवीन बसवून देणारा कोणी शोधावा लागतो.