गोचीड नुसती गाडी, आत बसलाय दुसराच

चार दिवसांपूर्वीपर्यंत भरभरून दूध देणारी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय वैरणीला तोंड लावत नाही. अंग तापलंय, खांद्यापुढे मुठीएवढी गाठ आलीय, डोळ्यांच्या आतली कातडी पांढरी पडलीय. सांगलीच्या आटपाडी-खानापूर पट्ट्यात अशा गायीपुढे उभं राहून अजूनही दोन निदानं केली जातात. पहिलं, नजर लागली. मग अंगारा, उतारा, फारच झालं तर देवऋषी. दुसरं निदान जरा शिकल्यासवरल्यांचं: गोचिडींनी रक्त पिऊन गाय वाळवली. पहिल्यावर वाद घालत बसत नाही. अंगाऱ्यात जे दोन-तीन दिवस जातात, ते या रोगात सगळ्यांत महागाचे असतात, एवढंच सांगतो. दुसऱ्या निदानात गोचीड बरोबर पकडलीय, पण ती नुसती गाडी आहे. आत बसलेला वेगळाच आहे.

त्याचं नाव थायलेरिया ॲन्युलाटा. मलेरियाच्या जंतूचा हा चुलतभाऊ, एकपेशीय. नाव पडलं ते अर्नोल्ड थायलर या दक्षिण आफ्रिकेत काम केलेल्या स्विस पशुवैद्यावरून. (यांच्याच मुलाला, मॅक्स थायलरला, पिवळ्या तापावरच्या संशोधनासाठी 1951 चं नोबेल मिळालं.) हायलोमा जातीची लहान वयातली गोचीड आजारी गायीचं रक्त पिते, कात टाकून मोठी होते आणि पुढच्या गायीला चिकटते. जंतू तेव्हा तिच्या लाळग्रंथीत असतो, पण कच्चा. गोचीड चिकटून रक्त प्यायला लागली की तो पिकायला सुरुवात होते आणि साधारण दोन-तीन दिवसांनी लाळेतून गायीत उतरतो. म्हणजे आज चिकटलेली गोचीड आज किंवा उद्या काढली, तर रोग बहुतेक वेळा दारातूनच परत जातो.

आता खरी गंमत. आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की पांढऱ्या पेशी जंतूंना खातात. थायलेरिया सरळ पांढऱ्या पेशीतच शिरतो. आत जाताना पेशीचं एक पातळ आवरण त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. असल्या पिशवीत सापडलेल्या जंतूला पेशी एरवी पचवून टाकते. हा काही मिनिटांत पिशवी विरघळवतो आणि पेशीरसात मोकळा होतो. मग तो पेशीला मारत नाही, उलट तिला मरूच देत नाही. प्रत्येक पांढऱ्या पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन असतं, ‘जग, वाढ’ असा हुकूम देणारं. एरवी ते दुसऱ्या एका प्रथिनाने बांधून ठेवलेलं असतं. ही बांधणी तोडायचं काम आयकेके नावाच्या विकरसंचाचं (विकर म्हणजे एन्झाइम), आणि तोही बाहेरून धोक्याचा इशारा आला तरच जागा होतो. थायलेरिया हे आयकेके स्वतःच्या अंगावर गोळा करतो आणि सतत चालू ठेवतो. इशारा नाही, धोका नाही, तरी हुकूम सुटतच राहतो. बर्न विद्यापीठातल्या संशोधकांचा हा शोध 2002 मधला.

पण पेशी वाढून दोन झाल्या तर जंतू एकीतच राहील, दुसरी मोकळी सुटेल. याचाही बंदोबस्त त्याने केलाय. पेशीविभाजनात गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात आणि तर्कुतंतू त्यांना दोन्हीकडे ओढतात, हे दहावीच्या पुस्तकातलं चित्र आठवा. अनेक केंद्रकांचा झालेला थायलेरिया नेमका त्याच वेळी, त्याच मधल्या रेषेवर आडवा होतो. पेशीचंच पीएलके-1 हे विकर अंगावर ओढून घेऊन तो तर्कुतंतूंना धरून राहतो. भावाभावांच्या वाटणीत कुणी बरोबर बांधावर खाट टाकून झोपावं, म्हणजे दोन्ही घरांत हक्क, तसला प्रकार. दोन पेशी होतात आणि दोन्हींत जंतू पोचलेला असतो. त्याला एक पेशी सोडून दुसरीत घुसण्याचा धोका पत्करावाच लागत नाही. खांद्यापुढची गाठ म्हणजे या बेबंद वाढलेल्या पेशींची गर्दी. पुढे त्यातले काही जंतू तांबड्या पेशींत जातात, त्या पेशी नष्ट होतात आणि डोळे पांढरे पडतात.

हे वर्णन कर्करोगाचं वाटतं, आणि पेशीच्या पातळीवर ते जवळपास तसंच आहे. ही पेशी काचेच्या बाटलीत वर्षानुवर्षं वाढत राहते. फरक एकच, पण केवढा मोठा! ब्युपार्व्हाक्वोन या औषधाने आतला जंतू मारला की पेशीचं वेड उतरतं. वाढ थांबते, ती पुन्हा साध्या पेशीसारखी वागते आणि यथावकाश मरते. डॉक्टर गाठीत सुई घालून काचपट्टी रंगवतात, जंतू दिसला की हेच इंजेक्शन देतात. महाग आहे, पण रक्त पातळ व्हायच्या आत दिलं तर गाय उभी राहते. संकरित वासरांसाठी रक्षाव्हॅक-टी ही लसही आहे. बाटलीत फार काळ वाढवून जंतूची धार बोथट केलेल्या त्याच पेशी लशीत असतात.

इथे कुणीतरी म्हणणारच, ‘आमच्या खिलारला नाही होत बुवा असलं.’ यात तथ्य आहे. एडिंबरोच्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं की जंतूच्या ज्या मात्रेने होल्स्टीन वासरं दगावतात, तीच मात्रा साहिवाल या देशी जातीची वासरं औषधाविना पचवतात. साहिवाल वशिंडाची, आपली माणदेशी खिलारही वशिंडाची. पण यावरून देशी गायीच्या दैवी शक्तीची जी पोस्ट फिरते, तिला माझ्याकडून लाइक नाही. हजारो वर्षं याच गोचिडींत राहिलेल्या जनावरांत ज्यांची दाहक प्रतिक्रिया काबूत राहिली, ती जगली. होल्स्टीनला ही परीक्षा द्यावीच लागली नव्हती.

थायलेरिया माणसाला होत नाही. पण त्याच हायलोमा गोचिडीत काँगो तापाचा विषाणू असू शकतो. 2011 मध्ये गुजरातच्या साणंद तालुक्यातला या तापाचा रुग्ण दगावला, त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केलं. या विषाणूने गाय आजारी पडत नाही, त्यामुळे तिच्याकडे बघून काही कळायचं नाही. म्हणून गोठ्यात गोचीड उपटून नखावर चिरडायची सवय सोडायला हवी. फुटलेल्या गोचिडीचं रक्त बोटावरच्या चिरेतून आत जाऊ शकतं. हातमोजे घालून, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि रॉकेलच्या डब्यात टाकायची. आणि फवारणी नुसती गायीवर करून भागत नाही. हायलोमा अंडी घालते ती गोठ्याच्या भिंतीतल्या भेगांत, दगडमातीच्या जुन्या गोठ्यात तर जास्तच. गाय बाहेर काढून भेगांतही औषध फवारावं लागतं आणि भेगा बुजवाव्याही लागतात.