आयपीटीव्हीवर सह्याद्री दाखवायची आहे? केबलचालकाची नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

केबलची जुनी वायर उतरवून घरोघरी फायबर पोहोचवणारे केबलचालक आता त्याच फायबरवरून इंटरनेटबरोबर टीव्हीही (आयपीटीव्ही, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलवरून येणारा टीव्ही) देऊ लागले आहेत. अशा वेळी हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, सह्याद्री किंवा दूरदर्शनची अन्य वाहिनी दाखवायला दूरदर्शनकडून वेगळी परवानगी काढावी लागते का? परवानगी तर सोडाच, या वाहिन्या दाखवणे हे बंधन आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा, 1995 च्या कलम 8 नुसार केंद्र सरकार दूरदर्शनच्या व संसदेच्या ज्या वाहिन्या राजपत्रात अधिसूचित करते, त्या प्रत्येक केबलचालकाने दाखवल्याच पाहिजेत. त्यामुळे कागदपत्रांची खरी जुळवाजुळव करावी लागते ती केबलचालक म्हणून होणाऱ्या नोंदणीसाठी.

नोंदणी कोणती, हे सिग्नल कुठून येतो यावर ठरते. एमएसओच्या, म्हणजे वाहिन्यांचे सिग्नल एकत्र करून केबलचालकांना पुरवणाऱ्या मोठ्या चालकाच्या, हेडएंडवरून (सिग्नल गोळा करून पुढे पाठवणारे केंद्र) सिग्नल घेऊन तो ग्राहकाच्या घरापर्यंत नेणाऱ्याला स्थानिक केबलचालकाची नोंदणी पुरते. स्वतःचे हेडएंड उभारून वाहिन्यांशी थेट करार करणाऱ्याला मात्र एमएसओ म्हणून नोंदणी करावी लागते. तिचे प्रक्रिया शुल्क एक लाख रुपये असून मुदत 10 वर्षांची आहे.

स्थानिक केबलचालकाची नोंदणी पूर्वी मुख्य टपाल कार्यालयात व्हायची. जानेवारी 2025 मध्ये नियम बदलले आणि हे काम माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ‘ब्रॉडकास्ट सेवा’ पोर्टलवर गेले. अर्जदार भारतीय नागरिक असावा, किंवा भारतीय नागरिकांचा समूह अथवा कंपनी असावी. आधार आणि पॅन, तसेच कंपनी असल्यास तिचा नोंदणी क्रमांक व संचालकांचे ओळख क्रमांक यांची पडताळणी ऑनलाइन होते आणि प्रमाणपत्रही तिथेच मिळते. म्हणून आधार, पॅन आणि कंपनीच्या कागदांवरील नावाचे स्पेलिंग अक्षरशः एकच आहे ना, हे अर्ज भरण्याआधी तपासून घ्यावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे. शुल्क 5,000 रुपये, मुदत 5 वर्षे, आणि नोंदणी देशभर चालते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 90 दिवस आधी करावा लागतो. अर्ज नामंजूर झाल्यास 30 दिवसांच्या आत अपील करता येते.

केबलचालक नसलेल्या दूरसंचार व इंटरनेट कंपन्यांसाठी मंत्रालयाची 2008 ची आयपीटीव्ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत इंटरनेट सेवा पुरवठादाराकडून 100 कोटी रुपयांहून अधिक निव्वळ संपत्तीची अपेक्षा ठेवलेली आहे. लहान गावातल्या व्यावसायिकाला केबलचालकाची नोंदणीच सोयीची पडते, ती त्यामुळे.

प्रमाणपत्र हाती आल्यावर ज्या अटीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. अधिसूचित वाहिन्यांवरील कार्यक्रमात कोणतीही काटछाट किंवा बदल न करता तो जसाच्या तसा पुढे पाठवावा, असे कलम 8 सांगते. प्रत्यक्षात सह्याद्रीवर मराठी बातम्या चालू असतात आणि पडद्याच्या तळाशी गावातल्या सराफाची किंवा क्लासची जाहिरात सरकत असते. तिच्याखाली बातमीची ओळ झाकली जाते आणि कधी बोलणाऱ्याचे नावही दिसत नाही. माझ्या मते हा सरळसरळ बदलच आहे आणि अशी पट्टी या वाहिन्यांवरून काढूनच टाकली पाहिजे. कायद्यातली तुरुंगवासाची तरतूद 2023 च्या जनविश्वास कायद्याने गेली असली, तरी सूचना, ताकीद आणि आर्थिक दंड यांची तरतूद आहे. बिल करतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2020 च्या सुधारणेनुसार नेटवर्क शुल्कात (वाहिन्या पोहोचवण्यासाठी ग्राहकाकडून घेतले जाणारे शुल्क) मिळणाऱ्या वाहिन्यांच्या संख्येत या बंधनकारक वाहिन्या धरता येत नाहीत, म्हणजे ग्राहकाला त्या त्याच्या इतर वाहिन्यांच्या वर मिळायला हव्यात.

हे सारे लागू होते ते केबलचालकाच्या स्वतःच्या बंदिस्त नेटवर्कवरून सेट टॉप बॉक्सपर्यंत जाणाऱ्या आयपीटीव्हीला. कुठल्याही मोबाइलवर, कुठल्याही इंटरनेटवरून उघडणारे ॲप या कायद्याखाली येत नाही, त्यामुळे ॲपवाल्यावर दूरदर्शन दाखवण्याचे बंधन नाही आणि केबलचालकाच्या नोंदणीच्या जोरावर त्याला ते दाखवताही येत नाही. प्रसारणाचे हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम 37 नुसार प्रसारकाकडे 25 वर्षे राहतात, म्हणून तिथे दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीशी लेखी करारच करावा लागतो. प्रसार भारतीचे स्वतःचे ‘वेव्हज’ हे ॲप 20 नोव्हेंबर 2024 रोजी गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात सुरू झाले. आपल्या ग्राहकाला फोनवर दूरदर्शन हवे असेल, तर त्याला ते ॲप उतरवून द्यावे. वाहिनीचा प्रवाह परस्पर उचलून स्वतःच्या ॲपवर चढवू नये.