शेजारच्या गृहप्रकल्पाचे पावसाचे पाणी आपल्या आवारात येत असेल तर: अर्ज कुठे, कोणी आणि कोणत्या कागदांसह करायचा

शेजारच्या मोकळ्या जागेवर प्रकल्प सुरू होतो, भराव टाकून जमीन तीन-चार फूट उचलली जाते, मधला ओढा पत्र्याच्या कुंपणाआड दिसेनासा होतो आणि पहिल्याच जोरदार पावसात आपल्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी उभे राहते. ही तक्रार घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेलेल्यांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: यंदा पाऊसच तेवढा झाला. ‘पाणी येते’ ही तक्रार तिथेच संपते. ‘मंजूर आराखड्यात दाखवलेली पावसाळी वाहिनी जागेवर टाकलेलीच नाही’ ही तक्रार मात्र तोंडी मिटवता येत नाही, तिला कागदावर उत्तर द्यावे लागते. म्हणून अर्ज लिहायच्या आधी शेजारच्या प्रकल्पाचे कागद हातात हवेत, आणि अर्ज त्या प्रकल्पाला भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेली इमारत वापरायची परवानगी) मिळण्याच्या आधी दाखल व्हायला हवा. पुढची सगळी प्रक्रिया या दोन गोष्टींभोवती फिरते.

पाणी नेमके कशाने वाढते

एक एकर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण दोन लाख लिटर पाणी होते. म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. जमीन मोकळी आणि गवताळ असेल तर त्यातले बरेचसे मुरते, उरलेले सावकाश वाहते. तिथे पोडियम (इमारतींखालचा काँक्रीटचा चौथरा), काँक्रीटचे रस्ते आणि फरशा आल्या की जवळपास सगळेच पाणी वाहू लागते आणि तेही काही मिनिटांत, एकाच तोंडातून. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जो विध्वंस केला त्यात सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या आणि माणसे वाहून गेली. ओढ्याची जागा अरुंद केली की पाणी किती जबर किंमत वसूल करते हे त्या रात्री शहराने पाहिले.

कायद्यातला एक मुद्दा इथेच समजून घ्यावा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ नुसार वरच्या जमिनीवर नैसर्गिकपणे पडलेले पाणी खालच्या जमिनीकडे नैसर्गिकपणे वाहू देणे हा वरच्या मालकाचा हक्क आहे. तुमची जागा आधीपासून उतारावर असेल तर बिल्डरचा वकील हेच कलम पुढे करेल. त्याला उत्तर त्या ‘नैसर्गिकपणे’ या अटीत आहे. भराव टाकून उतार बदलणे, छपराचे पाणी पाइपात गोळा करून भिंतीच्या भोकांतून शेजारी सोडणे, ओढ्याचे तोंड वळवणे यात नैसर्गिक काही नाही. त्यामुळे पूर्वीचा उतार कसा होता याचा पुरावा फार मोलाचा ठरतो.

अर्ज कोण करू शकतो

लगतचा जमीनमालक, फ्लॅटधारक, गृहनिर्माण संस्था, रस्त्यापलीकडच्या वस्तीतले रहिवासी, भाडेकरूसुद्धा. पाण्याचा त्रास होणाऱ्याला मालकीहक्क असलाच पाहिजे असे नाही. संस्थेच्या वतीने अर्ज करायचा असेल तर व्यवस्थापक समितीचा ठराव करून सचिवांना किंवा एखाद्या सभासदाला अधिकारपत्र द्यावे. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र संस्थेच्या लेटरहेडवर करू नये. तो हक्क नागरिकाला आहे, संस्थेला नाही, आणि या एका कारणावरून अर्ज परत येतात. सभासदाने स्वतःच्या नावाने आणि घरच्या पत्त्यावरून करावा.

आधी शेजारचे कागद मिळवा

पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदवावा लागतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे नाव टाकले की प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची परवानगी), मंजूर नकाशे, वास्तुविशारदाचे नाव असे बरेच काही विनाशुल्क पाहता येते. शेजाऱ्याने महारेराकडे तक्रार करून फारसे हाती लागत नाही, ती व्यवस्था मुख्यतः सदनिका घेणाऱ्यांसाठी आहे. पण कागद शोधायला याहून सोपी जागा नाही.

बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर सापडते. मंजुरीपत्रातल्या अटी नीट वाचा. पावसाळी पाण्याचा निचरा, नैसर्गिक प्रवाहाला अडथळा न करणे, पर्जन्यजल संधारणाच्या टाक्या यांवर बहुधा अट असते. विकासकाला या अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो अहवाल आणि जागेवरची स्थिती शेजारी ठेवून पाहिली की पुष्कळ गोष्टी उघड होतात.

उरलेले कागद माहिती अधिकारातून मागवायचे. अर्ज बांधकाम परवानगी विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘पाणी का येते?’ असे प्रश्न विचारू नका, कागद मागा: मंजूर बांधकाम नकाशा, जागेचा समतल रेषा नकाशा (जमिनीचे चढ-उतार दाखवणारा), पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा, मलनिस्सारण विभागाचा ना हरकत दाखला त्यातील अटींसह, आणि जोते (इमारतीचा चौथरा) तपासणीचा दाखला. शिवाय संपूर्ण फाइलचे प्रत्यक्ष अवलोकन मागा. मोठ्या नकाशांच्या प्रती महाग पडतात आणि टिपण्यांमध्ये कनिष्ठ अभियंत्याने लिहिलेले एखादे वाक्य नकाशापेक्षा जास्त बोलून जाते. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर त्यापुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील (वीस रुपयांचा स्टॅम्प) आणि तिथेही निभावले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील.

नकाशात काय पाहायचे

निचऱ्याच्या आराखड्यात इमारतीभोवती पावसाळी वाहिनीची रेष आणि तिच्यावर ठरावीक अंतराने चेंबर दाखवलेले असतात. प्रत्येक चेंबरपाशी ‘आय. एल.’ असे लिहून एक आकडा असतो. ती त्या चेंबरच्या तळाची पातळी. पाणी जिकडे जायचे तिकडे हा आकडा कमी कमी होत गेला पाहिजे आणि शेवटच्या चेंबरचा आकडा मनपाच्या गटाराच्या तळापेक्षा जास्तच हवा. पुष्कळदा कागदावर हे बरोबर असते, पण रस्त्याकडेचे जुने गटारच वर असते. मग प्रकल्पाची वाहिनी तुंबते आणि पाणी सोपा रस्ता धरते, म्हणजे तुमची भिंत. गवंड्याकडच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनेही दोन जागांमधला हा फरक मोजून घेता येतो. अर्जाला जोडण्यासाठी मात्र नोंदणीकृत सर्व्हेअरकडून पातळ्या काढून घ्याव्यात, तो खर्च वाया जात नाही.

दुसरी पाहण्याची गोष्ट ओढ्याची. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. (मुंबईत २०३४ ची स्वतंत्र नियमावली आणि स्वतंत्र पर्जन्य जलवाहिनी विभाग आहे.) सखल जमिनीतून जाणारा, ठळक काठ नसलेला छोटा प्रवाह त्याच जमिनीत सरळ करायची किंवा वळवायची परवानगी प्राधिकरण देऊ शकते. पण अट अशी की प्रवाह जमिनीत शिरतो ती जागा आणि बाहेर पडतो ती जागा बदलायची नाही, आणि त्याचा छेद प्राधिकरण ठरवेल तेवढा ठेवायचा. ओढा पूर्वी रस्त्याच्या मोरीत जात होता आणि आता तुमच्या हद्दीत निघतो, एवढे सिद्ध करता आले तरी तक्रार पक्की झाली. प्रकल्प नदीकाठी असेल तर जलसंपदा विभागाने आखलेल्या, पुराचे पाणी कुठवर येते ते दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषाही तपासा.

तुमच्या बाजूचे कागद

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, करपावती, ठराव आणि अधिकारपत्र हे नेहमीचे. गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या, त्यात ओढे-नाले दाखवलेले असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार नाल्याचे पात्र शासनाच्या मालकीचे आहे, त्यामुळे नकाशातला नाला कोणी गिळला असेल तर तो दोन शेजाऱ्यांमधला वाद उरत नाही. उपग्रह नकाशांच्या जुन्या वर्षांच्या प्रतिमा छापून जोडा. हद्दीचा वाद असेल तर मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) घ्या. तिला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज उन्हाळ्याआधीच टाकून ठेवावा.

फोटो आणि व्हिडिओ मात्र पावसातच मिळतात. छत्री धरून, पाणी ज्या भोकातून येते ते भोक, त्यामागची भिंत आणि शेजारची इमारत एका चौकटीत येईल असा व्हिडिओ घ्या. साचलेल्या पाण्याच्या नुसत्या फोटोतून ते कुठून आले हे कळत नाही. पाण्यात मोजपट्टी किंवा खुणा केलेली काठी उभी करा. त्या दिवशीच्या पावसाचा हवामान खात्याचा आकडा सोबत जोडा. पाऊस बेताचा असूनही पाणी आले असेल तर तो दिवस आधी दाखवा.

अर्ज कोणाला आणि कसा

महापालिका हद्दीत अर्ज शहर अभियंत्यांना, प्रती बांधकाम परवानगी विभाग, मलनिस्सारण विभाग आणि क्षेत्रीय कार्यालयाला. नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांना. हद्दीबाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण असेल तर तिथे, नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभागाकडे. ग्रामपंचायतीला प्रत द्यावी, पण मोठ्या प्रकल्पाचा निर्णय तिच्या हातात असेलच असे नाही.

मजकूर थोडक्यात असा ठेवता येईल:

‘विषय: मौजे ___, स. नं. ___ येथील गृहप्रकल्पात पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या मंजूर आराखड्याचा भंग. महोदय, वरील प्रकल्पास प्रारंभ प्रमाणपत्र क्र. ___, दि. ___ अन्वये परवानगी दिलेली आहे. मंजूर आराखड्यात पश्चिम सीमेलगत पावसाळी वाहिनी दाखवली असून ती रस्त्याकडेच्या गटारास जोडायची आहे. प्रत्यक्षात ही वाहिनी टाकलेली नाही व प्रकल्पाचे पाणी सीमाभिंतीतून आमच्या आवारात सोडले आहे. तरी उभय पक्षांसमक्ष स्थळपाहणी करून पंचनामा करावा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये कारवाई करावी, आणि जोडणी पूर्ण होऊन तिची तपासणी होईपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.’

शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची. त्या अधिनियमात मंजुरीविरुद्ध झालेले काम काढायला लावण्याची नोटीस (कलम ५३) आणि काम थांबवण्याची नोटीस (कलम ५४) असे अधिकार आहेत, ते वापरावेत म्हणून पाठपुरावा करायचाच. पण विकासकाला खरी घाई भोगवटा प्रमाणपत्राची असते. त्याची उरलेली रक्कम आणि ताबे त्यावर अडलेले असतात. फाइलवर लेखी हरकत असताना डोळे झाकून सही करणे अधिकाऱ्यालाही जड जाते. प्रमाणपत्र मिळून सदनिकाधारक राहायला आले की तुमचा वाद बिल्डरशी उरत नाही, तुमच्यासारख्याच कर्ज काढून घर घेतलेल्या शंभर कुटुंबांशी सुरू होतो. त्याची वेळ येऊ देऊ नये.

अर्ज आवक विभागात देऊन प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. मोबाइल ॲपवरची तक्रार जोडीला चालेल, तिच्यावर विसंबू नका. ती ‘निराकरण झाले’ म्हणून बंद होते आणि मागे काहीच उरत नाही.

दाद लागली नाही तर

लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर थेट तक्रार मांडायचा दिवस, हा पहिला मुक्काम. जिल्हा पातळीवर तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. न्यायालयात असलेले प्रकरण तिथे घेत नाहीत, म्हणून दावा लावण्याच्या आधी हा मार्ग वापरून घ्यावा.

रस्ता किंवा पूर्ण वस्ती बाधित होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा अर्ज करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होते. रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध याच कलमाचा आधार घेतला आणि पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली मान्य केली नाही. महापालिका ‘तरतूद नाही’ म्हणाली तर हा निकाल अर्जात लिहा.

शेतकऱ्यांसाठी वेगळी सोय आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. शेतजमिनीवरचे पाणी लगतच्या जमिनीत वाहून जाण्याच्या नैसर्गिक वाटेत कोणी भराव किंवा भिंत घातली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली थेट तहसीलदारांकडे दावा दाखल करता येतो. मुदत सहा महिन्यांची. शहराच्या कडेला, प्लॉटिंग आणि ऊस शेजारी-शेजारी असलेल्या गावांत हा मार्ग दिवाणी न्यायालयापेक्षा जवळचा आहे.

नाला बुजवणे किंवा पर्यावरण मंजुरीच्या अटींचा भंग असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागितली नसेल तर अर्जाचे शुल्क हजार रुपये, आणि वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. मुदत वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस. भरपाई मागायची असेल तर पाच वर्षे. महापालिकेशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही सहा महिन्यांची घडी थांबत नाही. नाला बुजवल्याचे ज्या दिवशी लक्षात आले ती तारीख आजच वहीत लिहून ठेवा.

दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागायचा तर महापालिकेला प्रतिवादी करण्याआधी तिला एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते. जूनमध्ये हुकूम हवा असेल तर ती नोटीस एप्रिलमध्येच गेलेली हवी.