पिस्तुलाच्या नळीखाली दिवा आणि लेसर कसे आले

अंधारात पिस्तूल चालवताना पहिली अडचण येते ती हातांची. एका हातात पिस्तूल, दुसऱ्यात विजेरी, म्हणजे दोन्ही हातांची पकड गेलीच. अमेरिकेत एफबीआयच्या पद्धतीत विजेरी अंगापासून लांब, बाजूला धरत. समोरच्याने उजेडाच्या रोखाने गोळी झाडली तरी ती अंगावर येऊ नये, हा हेतू. १९७०च्या दशकात मायकेल हॅरीस यांची पद्धत रुळली. विजेरीचा हात पिस्तुलाच्या हाताखालून न्यायचा आणि दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींवर दाबायच्या. त्या दाबाने पकड स्थिर राहते. पण थोड्याच वेळात हात भरून येतात, आणि दार उघडायला हात मोकळा उरत नाही तो नाहीच.

लेसरची गोष्ट वेगळीकडे सुरू झाली. थिओडोर मायमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाचा पहिला लेसर चालवला. शस्त्रांवर आधी आला तो हेलियम-निऑन वायूंचा, ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किरण. त्याला काचेची नळी आणि हजारो व्होल्ट लागत, त्यामुळे पिस्तुलावर जणू दुसरी नळीच बसवल्यासारखे दिसे. लेसर देणारे अर्धवाहक डायोड स्वस्त आणि लहान झाले तेव्हा कुठे हे लोढणे सुटले.

दिवा आणि लेसर एकाच डबीत आणण्याला खरा जोर दिला तो अमेरिकी विशेष दलांनी. १९९०च्या दशकात त्यांनी घेतलेल्या मार्क २३ पिस्तुलासाठी दिसणारा लेसर, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेसर आणि पांढरा दिवा एकत्र असलेले उपकरण बनले. शस्त्रावर उपकरणे बसवायच्या खाचेदार पट्टीचे, म्हणजे रेलचे, मिल-एसटीडी-१९१३ हे अमेरिकी लष्करी मानक १९९५मध्ये ठरले. तरी पिस्तुलांच्या खाचा कंपनीगणिक वेगळ्याच राहिल्या. म्हणून आजही उपकरण निवडताना आधी खाच आणि होल्स्टर (पिस्तुलाची म्यान) पाहावे, ल्युमेनचा, म्हणजे उजेडाचा, आकडा नंतर.

दिव्याच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक एलईडीने पाडला. बल्बची तार गोळीच्या धक्क्याने तुटायची. एलईडीत तारच नाही. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे, ज्याच्या संशोधकांना २०१४चे नोबेल मिळाले.

हिरवा लेसर उशिरा आला. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतो, त्यामुळे तेवढ्याच शक्तीचा हिरवा ठिपका लालपेक्षा कितीतरी उजळ दिसतो, विशेषतः दिवसा. सुरुवातीचे हिरवे लेसर १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त किरण स्फटिकातून नेऊन ५३२चा करत, आणि थंडीत मंदावत. थेट हिरवा प्रकाश देणारे डायोड आल्यावर ती तक्रार बरीच कमी झाली.

दोन गोष्टी मात्र तंत्राने बदललेल्या नाहीत. लेसर नळीच्या खाली बसतो, म्हणून ठिपका आणि गोळी नेमकी जुळतात ती जुळवून ठेवलेल्या अंतरावरच. आणि पिस्तुलावरचा दिवा जिकडे वळतो, तिकडे नळीही वळते. अंधारात हरवलेली किल्ली किंवा दारात उभे असलेले घरचे माणूस त्या दिव्याने शोधणे म्हणजे त्याच्यावर पिस्तूल रोखणे. म्हणून नळीखाली दिवा असणाऱ्यांनीही खिशात वेगळी विजेरी ठेवावी, असेच शिकवले जाते.