माउलींची पालखी की तुकोबांची? वारीत कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

जून-जुलैत वारीच्या फोटोंचा पूर येतो आणि त्यातल्या कित्येक फोटोंखालची ओळ चुकलेली असते. दिवे घाटाच्या वळणांवरून चढणाऱ्या भगव्या पताका दिसतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'संत तुकाराम महाराजांची पालखी'. तुकोबांची पालखी दिवे घाटात जातच नाही. बेलवाडीचं रिंगण 'माउलींचं रिंगण' म्हणून फिरतं, ते तुकोबांच्या सोहळ्यातलं असतं. पाहणाऱ्याला दोन्ही फोटो सुंदर वाटतात. पण ज्या घराण्याची दिंडी पिढ्यान् पिढ्या एकाच सोहळ्यात चालते आहे, त्या घरात तो फोटो पोहोचला की पहिली नजर त्या चुकलेल्या ओळीवर पडते. पालखी कोणाची हे आधी माहीत असेल तर कुठे उभं राहायचं, काय दिसणार आणि कधी दिसणार हेही कळतं. म्हणून हा फरक जरा सविस्तर.

गोंधळ होतो याला कारणं आहेत. तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते, ज्ञानोबा माउलींची अष्टमीला आळंदीहून. दोन्हींमध्ये पादुका, दोन्ही पालख्या रथात, रथ बैलांचा. दोन्हीकडे पांढरे सदरे, धोतरं, टोप्या, नऊवारी, डोक्यावर तुळशीवृंदावन. दोन्हीकडे 'ज्ञानोबा-तुकाराम' हाच गजर, त्यामुळे कानावरून पालखी ओळखता येत नाही. मुळात हा सोहळा एकच होता. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685मध्ये पालखी सुरू केली ती दोन्ही संतांच्या पादुका एकत्र घेऊन. पुढे 19व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा वेगळा सोहळा बांधला, त्याला शिस्त आणि दिंड्यांची रचना दिली. त्यासाठी अंकलीच्या शितोळे सरकारांचं घोड्यांचं आणि तंबूचं साहाय्य मिळालं. माउलींचे अश्व आजही अंकलीहून येतात.

पुण्यात तर दोन्ही पालख्या एकाच दिवशी येतात. आधी तुकोबांची, मागून माउलींची. फर्ग्युसन रस्त्यावर, लक्ष्मी रस्त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत दिंड्यांची रांग तुटत नाही, आणि दुपारी तिथे पोहोचलेल्या माणसाला समोरून काय चाललंय ते सांगता येत नाही. मुक्काम मात्र वेगळे. तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. दोन रात्रींनंतर दोघेही हडपसरपर्यंत येतात आणि तिथून वाटा फुटतात. माउली सासवड रस्त्याला लागतात, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. हडपसरच्या पुढचा फोटो असेल आणि गाव लक्षात असेल तर ओळ चुकायला जागाच राहत नाही.

माउलींचा रस्ता सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. तुकोबांचा यवत, वरवंड, उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली, वाखरी. ही गावं फोनमध्ये लिहून ठेवावीत.

घाट, भंडारा आणि एकच नदी

दिवे घाट हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात जास्त फोटो निघणारा टप्पा. पुणे ते सासवड हा वारीतला मोठा पल्ला, आणि घाट चढायला लागेपर्यंत दुपार कलते. रथाला या चढावर जादा बैलजोड्या जोडतात. सगळे कॅमेरे वरच्या वळणांवर रचून उभे असतात, त्यामुळे तेच नागमोडी चित्र दरवर्षी निघतं. मला त्यापेक्षा घाटाच्या मध्यावरचं चित्र जास्त बोलकं वाटतं. बैलांच्या मानेवर ताणलेलं जू, मागून रथाला हात लावून ढकलणारी माणसं, घामाने चिकटलेले सदरे. तुकोबांच्या वाटेवर वरवंडनंतर रोटी घाट लागतो. तो लहान आहे, गर्दी कमी असते, आणि तिथे दिंडीबरोबर चालत चालत फोटो काढता येतात. नवख्या माणसाला मी आधी रोटी घाटात जायला सांगेन.

जेजुरी फक्त माउलींच्या वाटेवर. खंडोबाच्या गावात पालखीवर भंडारा उधळला जातो, तेव्हा हवा पिवळी होते. हळदीची पूड इतकी बारीक की लेन्स बदलली तर सेन्सरवर बसलीच. एक लेन्स लावून जायचं, पुढे साधा फिल्टर, बॉडीवर प्लास्टिकची पिशवी. तुकोबांच्या वाटेवर याच्या तोडीचं, पण अगदी वेगळं दृश्य काटेवाडीला. पालखीपुढे परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखी पुढे सरकली की मागचं धोतर उचलून पुन्हा पुढे अंथरतात. शिवाय तिथे मेंढ्यांचं रिंगण होतं. धनगर बांधव आपल्या मेंढ्या घेऊन येतात आणि कळप रथाभोवती धावतो. मेंढ्यांचं रिंगण म्हटलं की काटेवाडी आणि काटेवाडी म्हटलं की तुकोबा, हे पक्कं लक्षात ठेवावं.

नीरा स्नानाच्या फोटोंमध्ये तर जाणकारही फसतात, कारण नदी एकच आहे. माउलींच्या पादुकांना नीरा गावी दत्त घाटावर स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. तुकोबांच्या पादुकांचं नीरा स्नान सराटीला होतं आणि पालखी तिथून सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला जाते. नुसतं 'नीरा स्नान' लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. गाव लिहावंच. आणि एक विनंती. त्याच नदीवर हजारो बाया अंघोळ करत असतात. तिथे कॅमेरा खाली ठेवावा. पादुकांचं स्नान टिपायचं असेल तर पादुकांपाशी उभं राहावं आणि लेन्स तिथेच राहू द्यावी.

उभं आणि गोल

रिंगण दोन्ही सोहळ्यांत होतं, दोन्ही प्रकारचं होतं. माउलींचं पहिलं उभं रिंगण तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे, गोल रिंगणं पुरंदावडे, खुडूस अशा ठिकाणी. तुकोबांची गोल रिंगणं बेलवाडी, इंदापूर, अकलूज इथे, आणि उभं माळीनगरला. त्यामुळे 'रिंगण' एवढ्या शब्दावरून पालखी ओळखता येत नाही, आणि 'गोल की उभं' यावरूनही नाही. पण फोटो काढणाऱ्यासाठी उभं आणि गोल यांतला फरक दोन पालख्यांमधल्या फरकाइतकाच मोठा आहे.

उभ्या रिंगणात दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर रांगा करून उभ्या राहतात, मध्ये मोकळी वाट सोडतात आणि अश्व त्या वाटेने पालखीपर्यंत दौडत जातात. हे सगळं काही मिनिटांत संपतं. रांगेतल्या माणसाला घोडा बाजूने क्षणभर दिसतो. म्हणून जागा आधी ठरवावी लागते. वाटेच्या टोकाशी, पालखीच्या बाजूला 70-200ची लेन्स घेऊन उभं राहिलं तर दोन्ही रांगांच्या मधून समोर येणारा घोडा मिळतो, चेहरे दोन्हीकडे रांगेत येतात. शटर 1/1000 च्या खाली नको. घोडा धूसर, माणसं स्थिर असं हवं असेल तर रांगेत बसून 1/30 वर कॅमेरा घोड्याबरोबर फिरवावा, पण त्यात दहापैकी नऊ फोटो जाणार हे धरून चालावं.

गोल रिंगण मैदानावर होतं आणि त्याला वेळ लागतो. पालखी मधोमध, तिच्याभोवती दिंड्यांचं वर्तुळ, मध्ये धावपट्टी. आधी पताकाधारी धावतात, मग तुळशीवृंदावन आणि हंडे डोक्यावर घेतलेल्या बाया, पखवाजवाले, विणेकरी, आणि शेवटी अश्व. माउलींच्या सोहळ्यात दोन अश्व असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कोणीच नाही. त्या रिकाम्या पाठीवर माउली स्वतः बसलेले आहेत ही भावना. नवखे फोटोग्राफर स्वाराच्या घोड्यामागे लागतात, आणि ज्याच्यासाठी सगळं मैदान हात जोडून उभं असतं तो रिकामा घोडा फ्रेमबाहेर जातो. दौड संपली की लोक धावपट्टीवर वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. त्यानंतर उडीचे खेळ सुरू होतात, टाळकरी आणि पखवाजवाले एका लयीत उड्या घेतात. माझ्या मते गोल रिंगणातले खरे फोटो दौडीनंतरच्या या अर्ध्या तासात आहेत, आणि तोवर अर्धे कॅमेरे गाडीकडे निघालेले असतात.

वर्तुळ पूर्ण दिसायला उंची लागते. जवळचं घर, ट्रॅक्टरची ट्रॉली, पाण्याची टाकी, यातलं काहीतरी आदल्या दिवशी बघून, मालकाला विचारून ठेवावं. ड्रोनचा मोह आवरावा. परवानगीचा प्रश्न आहेच, पण त्या घरघरीने अश्व बिथरला तर समोर रांगेत उभी म्हातारी माणसं असतात. फ्लॅशचंही तेच.

पालखी मार्गाचं चौपदरीकरण झाल्यापासून उभ्या रिंगणाचं चित्र बदललं आहे. माउलींचा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 965, तुकोबांचा 965जी. अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी झाडं आणि मध्ये दाटलेली माणसं, ही चौकट बऱ्याच ठिकाणी राहिलेली नाही. दुभाजक आणि रुंद काँक्रीटमुळे फ्रेम मोकळी पडते. ज्यांच्याकडे जुने फोटो आहेत त्यांनी ते गाव आणि साल लिहून नीट जपावेत, कारण तो रस्ता आता फक्त त्या फोटोंत आहे.

समाज आरती

माउलींच्या सोहळ्यातली ही गोष्ट फार कमी लोक टिपतात. संध्याकाळी पालखी तळावर पोहोचते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ असतो. चोपदार दंड उंचावतो आणि सगळं गप्प होतं. हजारो माणसं, आणि एक टाळ वाजत नाही. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर मात्र ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग आरती. 19व्या शतकात बसवलेली ही व्यवस्था अजून चालते आहे. फोटो अवघड आहे, कारण उजेड संपत आलेला असतो आणि फ्लॅश त्या शांततेत चालणार नाही. एफ 1.8ची 35 किंवा 50ची लेन्स, आयएसओ 3200, आणि चोपदाराचा वर गेलेला हात.

चालणाऱ्या माणसांचे फोटो काढताना पालखी कोणतीही असो, रीत एकच. वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात, तेवढीच हाक पुरते. "माउली, फोटो काढू का?" म्हटलं की बहुतेक जण थांबतात, टोपी सरळ करतात, कोणी नको म्हणतं. नको म्हटलं की विषय संपला. झोपलेल्या, पाय चोळत बसलेल्या, जेवणाऱ्या माणसाचा चोरून फोटो काढू नये. दहा पावलं बरोबर चालावं, गाव विचारावं, दिंडी विचारावी. मग त्याला दिसतं की तुम्ही फक्त सुरकुत्या गोळा करायला आलेला नाही. फोटोखाली 'श्रद्धाळू वृद्ध' लिहिण्यापेक्षा त्याच्या परवानगीने नाव, तालुका आणि दिंडीचा क्रमांक लिहावा. क्रमांक सहज मिळतो. दिंडीच्या ट्रकवर पाटी असते, तिच्यावर सोहळ्याचं नाव आणि रथापुढे की रथामागे हेही लिहिलेलं असतं. त्या पाटीचा एक फोटो दिवसाच्या सुरुवातीलाच काढून ठेवला की संध्याकाळी सगळा रोल ओळखता येतो.

वाखरीला पुन्हा सगळं एकत्र होतं. दोन्ही पालख्या, आणि राज्यभरातून आलेल्या इतरही, दशमीला पंढरपुरात शिरण्याआधी इथे जमतात. संत नामदेवांची पालखी पंढरपुरातून सामोरी येते, मग एकेक पालखी पुढे निघते. तुकोबा माउलींच्या आधी, माउली सगळ्यात शेवटी. तिथे गर्दीत पालखीचा फोटो काढला की लगेच शेजारच्या विणेकऱ्याला विचारायचं, फोनवर दोन शब्द बोलून नोंद करायची, आणि मगच पुढचा फोटो.