गिअर बदलण्याची वेळ (मोटारसायकल)

इंजिनाच्या फेऱ्या, गाडीचा वेग आणि तिच्यावरचा भार यांचा मेळ पाहून वरचा किंवा खालचा गिअर नेमका कधी टाकायचा, याची जाण. मालकाच्या पुस्तिकेत त्यासाठी वेगाचे आकडे दिलेले असतात, पण ते सपाट रस्त्यापुरते धरावेत. एकटा चालक असताना 40 च्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये सहज पळणारी 100 सीसीची गाडी, डबलसीट आणि सामानासह खंबाटकीचा घाट चढताना त्याच गिअरमध्ये दम तोडते.

इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, सगळ्या फेऱ्यांना सारखा नसतो. स्प्लेंडर प्लसच्या 97.2 सीसी इंजिनाला कमाल टॉर्क मिनिटाला 6000 फेऱ्यांच्या आसपास मिळतो. रॉयल एनफिल्डच्या सध्याच्या 349 सीसी इंजिनाला तो 4000 लाच मिळतो. म्हणून बुलेटवर हात बसलेला माणूस लहान गाडीचे गिअर फार लवकर वाढवतो, तर लहान गाडीवरून आलेला बुलेटला उगाच पिळत राहतो.

वरचा गिअर पडताच फेऱ्या गिअरच्या गुणोत्तरांच्या, म्हणजे गिअरपेटीत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या फेऱ्यांच्या, प्रमाणात उतरतात. समजा, पहिल्याचे गुणोत्तर 3 आणि दुसऱ्याचे 1.8 आहे, तर 6000 फेऱ्यांवर गिअर बदलल्यावर इंजिन 3600 वर येते. पहिल्या-दुसऱ्यातले हे अंतर सर्वांत मोठे असते आणि वर जाताना ते कमी होत जाते. पहिल्यातून घाईने काढलेली गाडी दुसऱ्यात गचके खाते, ते यामुळेच.

चालू गाडीवर मीटरपेक्षा कान आणि पाय आधी सांगतात. थ्रॉटल पिळूनही वेग वाढत नाही, फूटरेस्ट थरथरतात, इंजिनातून ठकठक ऐकू येते, म्हणजेच नॉकिंग होते. अशा वेळी एक गिअर उतरवायला हवा. आपल्याकडे मात्र मायलेजच्या लोभाने टॉप गिअर सोडवत नाही. सपाटीवर, हलक्या थ्रॉटलला वरच्या गिअरमध्ये पेट्रोल वाचते हे खरे. पण भार असताना थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन रेटले, तर ती बचत उरत नाही, शिवाय इंजिन तापते. उलट चूक, म्हणजे खालच्या गिअरमध्ये किंचाळत जाणे, निदान कानाला टोचते आणि लवकर सुधारते.

गिअर चढवण्यापेक्षा उतरवण्याची वेळ साधणे अवघड. वळणात शिरण्याआधीच गिअर उतरवलेला असावा. सिग्नलला थांबतानाही गाडी रांगत असतानाच पहिल्यापर्यंत यावे: उभ्या गाडीत गिअरचे दाते समोरासमोर आले तर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी मागेपुढे हलवावी लागते. मोठ्या वेगात एकदम खालचा गिअर टाकून क्लच सोडल्यास मागचे चाक क्षणभर अडकून घसरू शकते. काही गाड्यांतला स्लिपर क्लच हा धक्का कमी करतो. तो नसेल तर क्लच सोडताना थोडी रेस देऊन फेऱ्या जुळवतात.

घाट उतरताना साधारण चढण्याच्याच गिअरमध्ये राहावे, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आंबोलीत काय, वरंध्यात काय, अजूनही दिसतात. सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते.

वेळ कळूनही पाय चुकतो, तो खटक्याच्या मांडणीमुळे. बहुतेक गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. काही 100 सीसी गाड्यांत सगळेच पुढे दाबून पडतात. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, पहिला वर आणि उरलेले खाली, शिवाय न्यूट्रल शोधायला वेगळी खटकी. जुन्या येझदीत किक आणि गिअरची दांडी एकच, तर जुन्या पेट्रोलच्या चेतक स्कूटरचे गिअर डाव्या मुठीत. मांडणी बदललेल्या गाडीवर काही दिवस गिअर चढवायच्या जागी उतरतो, आणि तो धोका भरधाव वेगात सर्वाधिक असतो.