वाफ्याला आच्छादन किती लागेल?

१० फूट लांब, ४ फूट रुंद वाफ्यावर ३ इंच जाडीचं आच्छादन हवं असेल, तर त्याला १० घनफूट माल लागतो. लिटरमध्ये काढायचं तर आणखी सोपं: एका चौरस फुटावर एक इंच थर म्हणजे सुमारे २.३६ लिटर. म्हणून ४० × ३ × २.३६, म्हणजे साधारण २८३ लिटर. २० लिटरच्या १४ बादल्या.

पण सुका पालापाचोळा १४ बादल्या ओतला, तर दोन-तीन पाण्यांनंतर तो बसतो आणि ३ इंचांचा थर निम्म्यावर येतो. हिशेब नेमका इथे चुकतो. आपल्याला हवी असते ती बसल्यानंतरची जाडी, पसरतानाची नव्हे. त्यामुळे बादलीत आधी पाला सैल भरा, पाणी शिंपडा, हाताने दाबा आणि किती खाली गेला ते पाहा. निम्मा झाला तर २८ बादल्या धरा. भाताचा पेंढा, नारळाच्या शेंड्या, वाळलेलं गवत प्रत्येकाचं बसणं वेगळं, म्हणून आपल्याच मालावर ही परीक्षा घ्यावी.

३ इंचच का? ओल्या मातीवरून ऊन आणि वारा थेट वाफ उचलून नेतात. आच्छादनात अडकलेली हवा स्थिर असते, तिच्यातून वाफेला हळूहळू वाट काढावी लागते. पहिल्या इंचानेच मोठा फरक पडतो, पुढच्या प्रत्येक इंचाचा फायदा कमी कमी होत जातो. तणांचं गणित निराळं आहे. बऱ्याच तणांच्या बारीक बियांना रुजायला उजेड लागतो, म्हणून माती दिसणार नाही इतका दाट थर हवा. लव्हाळ्याला मात्र हे लागू नाही. गाठीतल्या साठ्यावर तो थर भेदून वर येतो. तो आधी उपटलेलाच बरा.

जास्त घातलं म्हणून जास्त भलं होत नाही. थर फार जाड झाला की हलकी सर पाचोळ्यातच मुरते, मातीपर्यंत पोचतच नाही. लाकडाचा भुसा तर दीड इंचाच्या वर नकोच. तो घट्ट बसतो आणि मातीला हवा मिळत नाही.

उसाचं पाचट वजनात मोजतात. एका हेक्टरात ८ ते १० टन निघतं. १० टन म्हणजे चौरस मीटरला बरोबर १ किलो. आपल्या वाफ्याला त्या हिशेबाने पावणेचार किलो पुरेल.

झाडाच्या आळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवा: व्यास दुप्पट झाला की माल चौपट लागतो. २ मीटर व्यासाच्या आळ्याला १० सेंटीमीटर थरासाठी सुमारे ३१४ लिटर. त्यातून खोडाभोवती ३० सेंटीमीटर व्यासाची जागा मोकळी सोडली तर जेमतेम ७ लिटर वाचतात, पण खोड कुजण्याचा धोका टळतो. ती जागा सोडाच.

माती आधी ओली करून मगच आच्छादन घाला. काही आठवड्यांनी बोट खुपसून जाडी पाहा. दीड इंच उरली असेल, तर वाफ्याला दाबून भरलेल्या सात बादल्या पुन्हा लागतील.